मेल गेला का?

बी.कॉम. झाल्या झाल्या सावद्याला, केळी परदेशी पाठवणाऱ्या एका ऑफिसात चिकटलो. काम काय, तर शेठ सांगतील तो मेल धाडायचा आणि मागतील तो जुना मेल काढून द्यायचा. जीमेल कॉलेजपासून वापरत होतो, त्यामुळे यात शिकायचं काय, असा तोरा होता. तो चार महिन्यांत उतरला.

मे महिना, बाहेर भट्टी. दुबईच्या व्यापाऱ्याचा फोन आला की तुम्हाला पाठवलेला मेल परत येतोय, पेटी भरली आहे म्हणे. कंटेनर न्हावा-शेव्याच्या बंदरात पोचलेला आणि बिल ऑफ लेडिंगमधली, म्हणजे जहाज कंपनी मालाची देते त्या पावतीतली, त्याने कळवलेली दुरुस्ती आमच्याकडे आलीच नव्हती. शेठ एवढंच म्हणाले, "काय रे भो, माल निघाला अन् कागद कुठे अडकला?"

मी घाईघाईने जुने मेल उडवत बसलो. काही फरक पडेना. फुकटची 15 जीबी जागा मेल, ड्राइव्ह आणि फोटो या तिघांत मिळून असते, हे मला ठाऊकच नव्हतं. पॅकिंग हाउसच्या मोबाइलवर ऑफिसचंच खातं होतं आणि प्रत्येक खोक्याचा फोटो त्यात आपोआप चढत होता. शिवाय उडवलेला मेल बिनमध्ये, म्हणजे जीमेलच्या कचरापेटीत, 30 दिवस पडून राहतो आणि तोवर जागाही खातो. म्हणून आधी फोटो बघा, मग बिन रिकामा करा. फोटोंचा बॅकअप मी त्याच दिवशी बंद केला.

शोधण्याचंही तसंच. शेठ म्हणायचे, "मागच्या रमजानचा भाव काढ," आणि मी माऊस फिरवत पानं मागे मागे नेत बसायचो. शोधपट्टीच्या उजव्या टोकाला आडव्या रेघांचं चिन्ह असतं, त्यावर क्लिक केलं की छोटा फॉर्म उघडतो. कोणाकडून आला, विषयात कोणता शब्द, कोणत्या तारखेच्या आसपास, सोबत फाइल आहे का, सगळं भरता येतं. आकाराचा रकाना तर सोनं आहे. 10 एमबीपेक्षा मोठे मेल मागवायचे, नको ते एकदम निवडून उडवायचे.

याच फॉर्मच्या खाली फिल्टर, म्हणजे आलेला मेल आपोआप ठरल्या जागी लावणारा नियम, बनवायचं बटण आहे. नवीन माणसाने एकच गोष्ट शिकायची असेल तर ही शिकावी, असं माझं मत. शिपिंग लाइन, बँक, क्लिअरिंग एजंट अशा प्रत्येकासाठी एकेक लेबल केलं. जाहिराती इनबॉक्समध्ये न येता परस्पर बाजूला जातात. फिल्टर करताना जुन्या मेलांनाही लागू करायची चौकट असते, तिच्यावर खूण करायला विसरू नका. मी विसरलो आणि दोन दिवस हाताने लेबलं लावत बसलो.

कीबोर्डचे शॉर्टकट सेटिंगमध्ये जाऊन चालू करावे लागतात. सगळे पाठ करू नका. नव्या मेलसाठी सी, आर्काइव्हसाठी, म्हणजे मेल न उडवता इनबॉक्समधून बाजूला ठेवायला, ई, एवढ्यावर माझं भागतं.

फाइल 25 एमबीच्या वर गेली की ती ड्राइव्हची लिंक होऊन जाते. अशा वेळी समोरच्याला उघडायची परवानगी दिली आहे ना, ते बघा. नाहीतर तिकडून रात्री फोन येतो. दुबई आपल्यापेक्षा दीड तास मागे, म्हणून सकाळचे मेल मी आदल्या संध्याकाळीच लिहून वेळ लावून ठेवतो.

आता माझी सवय सांगतो. आधी फाइल जोडायची, मग मजकूर लिहायचा आणि पत्ता सगळ्यात शेवटी टाकायचा. अर्धवट मेल चुकून सुटत नाही. सेटिंगमध्ये पाठवलेला मेल मागे घ्यायची मुदत 5 सेकंदांची असते, ती वाढवून 30 केली. शेठ अजून केबिनमधून ओरडतात, "मेल गेला का?" मी तीस सेकंद थांबतो आणि मग हो म्हणतो.