हाताची ताकद तपासून मानेतली कुठली नस दबलीय ते कसं ओळखायचं

हातात जोर नाही म्हणून पेशंट आला की नवीन मुलं नुसतं "माझी बोटं घट्ट दाबा" म्हणतात आणि पुढे जातात, त्याने काही म्हणजे काही कळत नाही. एकेक स्नायू सुटा बघा, आणि दरवेळी आधी चांगला हात, मग दुखरा.

मानेतून हाताकडे निघणाऱ्या नसांच्या मुळांना (रूट) सी५ ते सी८ आणि टी१ म्हणतात. सी५ ला हात बाजूला खांद्याइतका उचलायला सांगून वरून दाबायचं, सी६ ला मनगट वर, सी८ ला बोटं आत वळवून धरायची, टी१ ला फाकवून.

सी७ वर मात्र थांबा. सगळ्यात जास्त वेळा हीच दबते, आणि ट्रायसेप्स (दंडाच्या मागचा, कोपर ताठ करणारा स्नायू) इतका दणकट की कोपर पूर्ण ताठ असताना दाबलंत तर कमजोरी लपून जाते. कोपर चांगलं वाकलेलं ठेवा, दंड एका हाताने धरा आणि म्हणा "मला ढकला". खरी कमजोरी असेल तर हात हळूहळू एकसारखा मागे येतो, दुखण्यामुळे असेल तर आधी जोर लागतो आणि मग झटक्यात सुटतो, हा फरक तुमच्या तळहाताला कळतो. ताकदीला ग्रेड द्या ० ते ५, ३ म्हणजे हाताच्या स्वतःच्या वजनाविरुद्ध उचलतो पण दाब सहन होत नाही.

आता खरी गोष्ट, एका स्नायूवरून रूट कधीच ठरवू नका. त्याच रूटचा पण हातातल्या दुसऱ्या नसेवरचा (रेडियल, मीडियन, अल्नर या हातातल्या मुख्य नसा) स्नायू बघा. ट्रायसेप्स कमी आणि मनगट खाली वाकवायचा जोरही कमी, तर सी७ रूटचा संशय पक्का होत जातो, कारण पहिला रेडियल नसेवर आणि दुसरं मुख्यतः मीडियनवर. उलट मनगट लोंबतंय, ट्रायसेप्स ठीक आहे, पण अंगठा वर ठेवून कोपर वाकवताना ब्रॅकिओरेडियालिस (कोपराखाली अंगठ्याच्या बाजूचा स्नायू) उठून दिसत नाही, तर दंडाच्या मागे रेडियल दबलेली असते, मान नाही. तसंच बोटं फाकवता येत नसतील तर अंगठा तळहातापासून सरळ वर उचलायला लावा, तोही कमजोर असेल तर फक्त अल्नर नसेचा प्रश्न नाही, कारण अंगठ्याचा हा स्नायू मीडियनवर असतो.

मानेत मणके ७ आणि नसा ८, म्हणून सी६-सी७ मधली चकती सरकली की सहसा सी७ दबते.

पाय जड वाटतायत, चालताना तोल जातो किंवा लघवीचा त्रास सुरू झालाय असं पेशंट म्हणाला तर तपासणी पूर्ण करत बसू नका, त्याच दिवशी न्यूरोकडे पाठवा.