वजनाचा काटा अडतो तेव्हा उमेद कशी टिकवावी

वजन कमी करायला घेतल्यावर पहिल्या दोन-तीन आठवड्यांत काटा भराभर खाली येतो आणि पुढे कधीतरी तो एका आकड्यावर अडून बसतो. पहाटे सोलापुरात सिद्धेश्वर तलावाच्या काठाने किंवा कंबर तलावाच्या परिसरात नेमाने चालणारी अनेक माणसे नेमकी याच टप्प्यावर चालणे सोडतात. त्यात आळस नसतो. कष्ट तेवढेच असूनही फळ दिसेनासे झाल्याने मन खचते. म्हणून या काळात स्वतःला दोष देण्याआधी शरीरात काय चालले आहे ते समजून घ्यावे, कारण नेमके कारण कळले की निम्मी निराशा तिथेच ओसरते.

सुरुवातीला जे वजन उतरते त्यात चरबीपेक्षा पाण्याचा वाटा मोठा असतो. यकृतात आणि स्नायूंत साठवलेल्या ग्लायकोजेनच्या (शरीरातल्या साखरेच्या साठ्याच्या) प्रत्येक ग्रॅमसोबत साधारण तीन ग्रॅम पाणी धरून ठेवलेले असते. खाणे कमी होताच हा साठा वापरला जातो आणि पाणीही निघून जाते. हा वेग पुढे टिकत नाही आणि तो टिकेल अशी अपेक्षा ठेवणे हेच पुढच्या निराशेचे मूळ ठरते. शिवाय शरीर हलके झाले की तेवढेच अंतर चालायला कमी ऊर्जा लागते, आणि कमी खाण्यामुळे आपल्या नकळत दिवसभराची उठबस, जिने चढणे, हातपाय हलवणे हेही मंदावते. पहिल्या महिन्यात जो आहार वजन उतरवत होता, तोच आहार सहाव्या महिन्यात वजन फक्त टिकवून धरतो, ते यामुळेच.

तरीही वजन खरोखर अडले आहे का, हे आधी तपासावे. एक किलो चरबी म्हणजे सुमारे 7,700 कॅलरी. आठवड्याला अर्धा किलो उतरणे ही चांगली गती होय. पण खारट जेवण, पोट साफ न होणे, मासिक पाळी यांमुळे एका दिवसातच वजन किलोभर वरखाली होऊ शकते, म्हणजे दोन आठवड्यांची खरी प्रगती एखाद्या लग्नाच्या जेवणाखाली झाकली जाते. यासाठी सकाळी शौचानंतर, काही खाण्यापूर्वी वजन करावे आणि रोजच्या आकड्याकडे न पाहता आठवड्याची सरासरी काढावी. महिलांनी ती मागच्या पाळीच्या त्याच दिवसांशी ताडून पाहावी. सोबत टेप घेऊन कंबर मोजावी: शेवटची बरगडी आणि कमरेचे हाड यांच्या मधोमध, श्वास सहज सोडून, पोट आत न ओढता. भारतीयांसाठी पुरुषांत 90 आणि स्त्रियांत 80 सेंटिमीटरच्या पुढची कंबर धोक्याची मानतात. चार आठवडे सरासरी आणि कंबर दोन्ही हलली नाहीत, तरच वजन अडले असे समजावे.

तसे असेल तर पहिली नजर ताटाकडे वळवावी, आणि सोलापूरच्या ताटात ती शेंगाचटणीवर थांबावी. शंभर ग्रॅम शेंगदाण्यांत सुमारे 565 कॅलरी असतात. सुरुवातीच्या दिवसांत आपण चटणी मोजून चमचाभर घेतो. महिन्या-दोन महिन्यांनी तोच चमचा शिगोशीग होतो, वर तेल किंवा दही येते आणि जेवताना पुन्हा एकदा हात डब्याकडे जातो. तीस ग्रॅम चटणीत दीडशेहून अधिक कॅलरी सहज जातात आणि प्रत्येक चमचाभर तेलाचे चाळीसेक वेगळेच. कडक भाकरीचेही तसेच आहे: ती पातळ, कुरकुरीत आणि हाताला हलकी लागते, म्हणून मोडून तोंडात टाकलेली अर्धी भाकरी कुणी जेवणात धरत नाही. यावर चटणी-भाकरी सोडणे हा उपाय नव्हे. आवडीचे अन्न तोडून केलेला आहार फार दिवस चालत नाही, असे माझे ठाम मत आहे. तीन दिवस सगळे मोजून लिहावे, चटणीला एक ठरावीक लहान चमचा ठेवावा, एवढ्यानेही पुष्कळदा काटा हलतो.

जेवण आणखी तोडण्याचा मोह मात्र टाळावा. उपाशीपोटी स्नायू झिजतात, झोप बिघडते आणि आठवड्याअखेरीस खाण्याचा तोल सुटतो. त्यापेक्षा प्रत्येक जेवणात डाळ, मटकी, दही, अंडी यांपैकी काहीतरी घ्यावे आणि आठवड्यातून दोनदा उठाबशा, भिंतीला टेकून जोर, वजन उचलणे असे स्नायूंचे व्यायाम करावेत. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो आणि सकाळचे चालणे आपोआप आखडते. त्या महिन्यांत ऊन चढण्यापूर्वी अर्धा वेळ आणि दिवस मावळल्यावर अर्धा वेळ, असे दोन तुकडे करावेत. नवी पेठेत दिवसभर गल्ल्यावर बसणाऱ्याने तर तासातासाला उठून चार पावले टाकण्याला सकाळच्या फेरीइतकेच महत्त्व द्यावे.

आता मनाचे. काट्यावर येणारा आकडा आपल्या हातात नसतो, आपली कृती असते. म्हणून वहीत «या आठवड्यात पाच दिवस चाललो» असे आपल्या हातातले लिहावे आणि त्यावरच समाधान मानायला शिकावे. वजनाखेरीज रक्तदाब, उपाशीपोटीची साखर, जिना चढताना लागणारी धाप, पट्ट्याचे छिद्र यांचीही नोंद ठेवावी. ऐंशी किलोच्या माणसाचे चार किलो उतरले, तर रक्तदाब आणि साखर यांत सुधारणा दिसू लागण्यास तेवढे पुरेसे असू शकते, मग पाचवा किलो महिनाभर अडला तरी हरकत नाही. नातेवाईक «अजून तेवढाच दिसतोस की» म्हणतील. त्यांना वही दाखवण्याची गरज नाही, ती आपल्यासाठी असते. जानेवारीतली गड्ड्याची यात्रा, हुरड्याचे दिवस, दिवाळी यांसाठी दोन आठवडे «फक्त वजन टिकवायचे» असे आधीच ठरवून घ्यावे. ठरवून घेतलेला विसावा अपराधी वाटत नाही आणि त्यानंतर परतणे सोपे जाते.

एवढे करूनही दोन-तीन महिने काहीच बदलत नसेल, किंवा थकवा, केस गळणे, पाळी अनियमित होणे, सतत थंडी वाजणे अशी लक्षणे असतील, तर थायरॉइडची तपासणी करून घ्यावी. इन्सुलिन, स्टेरॉइड आणि नैराश्यावरील काही औषधांमुळे वजन वाढू शकते. परंतु असे कोणतेही औषध आपल्या मनाने बंद न करता वजन, कंबर आणि जेवणाच्या नोंदींची वही चालू औषधांच्या यादीसह डॉक्टरांपुढे ठेवावी.