पहिली डिकॉय घेताना पैसे कुठे घालावेत

अमेरिकेत बदकांच्या शिकारीला नव्याने लागलेले आपले मराठी लोक मला हटकून विचारतात, डिकॉय (बदकांना भुलवायला पाण्यावर मांडायची नकली बदकं) कुठली घेऊ? (भारतात वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे हा विषयच नाही, त्यामुळे घरी विचारायला कोणी नसतं.) माझं उत्तर ठरलेलं आहे: मॅलार्ड या बदकाच्या एक डझन डिकॉय घ्या, आणि उरलेले पैसे त्या जागी धरून ठेवणाऱ्या दोरी आणि वजनांवर घाला.

मी मिनेसोटात पाणकणसांनी वेढलेल्या लहान तळ्यांवर जातो. तिथे मॅलार्डच्या डिकॉयवर टील आणि गॅडवॉल ही दुसऱ्या जातींची बदकंही उतरतात. वेगवेगळ्या जातींचे संच नंतर सावकाश घ्या. डझनात नर-माद्या निम्म्या-निम्म्या चालतात. सप्टेंबरअखेर बऱ्याच नरांना पूर्ण रंग आलेला नसतो, तेव्हा मी माद्या जास्त मांडतो. नोव्हेंबरात उलट, कारण नराचं फिकट अंग लांबून उठून दिसतं.

आकार साधाच घ्या. मॅग्नम, म्हणजे मोठ्या आकाराच्या डिकॉय, मोठ्या पाण्यावर दुरून छान दिसतात, पण गुडघाभर चिखलातून पाठीवर वाहून नेताना जीव जातो.

खरी निवड आहे कीलची, म्हणजे डिकॉयच्या पोटाखालच्या उभ्या कण्याची. पोकळ कील पाण्याने भरते. डिकॉय हलकी आणि स्वस्त पडते, पण प्रत्येक हाताने सरळ ठेवावी लागते आणि उचलताना ते थंडगार पाणी बाहीत शिरतं. भरीव, वजनदार कील असलेली डिकॉय फेकली की स्वतःच सरळ होते. मी चालत जातो, तरी वजनदारच वापरतो. सूर्योदयाच्या अर्धा तास आधी गोळीबाराची वेळ सुरू होते. त्याआधीच्या अंधारात एकेक डिकॉय सरळ करत बसायला वेळ नसतो.

दोरीत मात्र काटकसर नको. साधी सुती दोरी गुंतते, कुजते आणि थंडीत बोटं बधिर झाली की गाठ सुटत नाही. टेक्सास रिग घ्या. जाड मोनोफिलामेंटच्या (एकसंध प्लास्टिकच्या तारेसारख्या दोरीच्या) एका टोकाला फास असतो आणि शिशाचं वजन दोरीवर मोकळं सरकतं. आवरताना सगळे फास एका कॅराबिनरमध्ये (उघडझाप होणाऱ्या धातूच्या कडीत) ओवायचे. वजनं घसरत डिकॉयपाशी येतात आणि पूर्ण डझन एका घोसात हातात येतो.

पैसे उरले तरी लगेच फिरत्या पंखांचं बॅटरीवालं बदक घेऊ नका. वॉशिंग्टन राज्यात तर ती चालतच नाहीत. त्याऐवजी जर्क कॉर्ड, म्हणजे डिकॉय हलवायची ओढदोरी, घरीच करा: तळात रोवलेला खुंट, त्याला बंजी (ताणणारी रबरी दोरी), पुढे दोरीवर दोन-तीन डिकॉय आणि दुसरं टोक तुमच्या हातात. वारा पडलेल्या सकाळी डिकॉय मेल्यासारखी स्थिर दिसतात. अशा वेळी दोरी ओढली की पाण्यावर तरंग उठतात, आणि घिरट्या घालणारी बदकं बघून वळतात.

जुनी डिकॉय हंगाम संपल्यावर, जानेवारी-फेब्रुवारीत, स्वस्तात मिळतात. हलवून बघा, आत पाणी खळखळलं तर तडा गेलेला आहे, सोडून द्या. रंग उडाला असेल तर हरकत नाही, पण डागडुजी बिनचकाकीच्या रंगानेच करा, कारण उन्हात चमकणारी पाठ बदकांना बिचकवते.

बजेटमध्ये 25 डॉलरचा फेडरल डक स्टॅम्पही (पाणपक्ष्यांच्या शिकारीसाठी लागणारं केंद्र सरकारचं तिकीट) धरा. वय 16 किंवा जास्त असेल तर तो सक्तीचा आहे. काडतुसंही बिनशिशाची घ्या, कारण 1991 पासून पाणपक्ष्यांवर शिशाचे छरे देशभर बंद आहेत.