जुन्या लॅपटॉपवर लिनक्स: टाकायच्या आधी आठ दिवस वापरून कसं बघावं

आमच्या वहिनींचा लॅपटॉप २०१६ चा. चार जीबी रॅम, आत जुनी फिरती हार्ड डिस्क, बॅटरी कधीचीच गेलेली. वहिनी जिंतूर तालुक्यातल्या जिल्हा परिषद शाळेत शिकवतात. सकाळी बटण दाबून चहा ठेवायचा, चहा उतरला तरी पडद्यावरचं चक्र फिरतंच. त्यात १४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट थांबवला. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षा चिप लागते आणि इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर लागतो. या लॅपटॉपमध्ये दोन्ही नाही. दुकानदाराने सरळ सांगितलं, नवीन घ्या.

मी परभणीत राहतो आणि बरीच वर्षं रोजचं सगळं काम लिनक्सवर करतो. लिनक्स म्हणजे विंडोजसारखीच, कॉम्प्युटर चालवणारी सिस्टम. लिनस टोरवाल्ड्सने १९९१ साली हेलसिंकीत शिकत असताना याचा गाभा लिहायला घेतला. त्याचा सोर्स कोड, म्हणजे प्रोग्रॅमचं मूळ लिखाण, सगळ्यांसाठी खुला आहे, त्यामुळे कुणीही तो वाचू शकतो, बदलू शकतो, फुकट वाटू शकतो. एवढं कळलं तरी वहिनींचा प्रश्न सुटत नव्हता. त्यांनी विचारलं, "भाऊजी, ते सगळं बरंय. माझं काम होईल का तेवढं सांगा."

खरा प्रश्न हाच आहे. लिनक्स सोपं की अवघड, यावर गप्पा मारण्यात अर्थ नाही. तुमची रोजची दहा-बारा कामं त्यावर होतात का, हे बघायचं. आणि ते लॅपटॉपमधलं काहीही न पुसता बघता येतं, पेनड्राइव्हवरून. पुढच्या पायऱ्या त्यासाठीच आहेत.

पहिली पायरी: वहीत यादी करा

कॉम्प्युटरवर आठवडाभर काय काय करता ते एका पानावर लिहून काढा. वहिनींच्या पानावर अकरा ओळी झाल्या: निकालपत्रक, यू-डायसची माहिती भरणं, व्हॉट्सॲप वेब, ऑनलाइन मीटिंग, सातबारा काढणं, जुन्या प्रश्नपत्रिका उघडणं, पीडीएफ जोडणं, मुलाची लेक्चरं, फोटो ठेवणं, मराठी टायपिंग आणि शाळेतला प्रिंटर.

यातलं जे जे ब्राउझरमध्ये चालतं त्याची काळजी सोडा. लिनक्सवर फायरफॉक्स आधीपासून असतो, क्रोमही टाकता येतो.

पण तुमच्या यादीत पुढचं काही असेल तर इथेच थांबा, किंवा त्या कामासाठी विंडोजचं एक मशीन ठेवा. टॅली विंडोजसाठीच बनलेलं आहे. लग्नपत्रिका आणि फ्लेक्सचं काम कोरलड्रॉवर असेल, टायपिंग श्रीलिपीत असेल, तर लिनक्सवर ओढाताण होईल. सेवा केंद्र चालवत असाल आणि अंगठ्याचं मशीन लागत असेल, तर ते सहसा विंडोज किंवा अँड्रॉइडवर चालायच्या हिशेबाने येतं. डिजिटल सहीच्या टोकनचं तसंच, काहींचे लिनक्स ड्रायव्हर (ते उपकरण चालवणारं सॉफ्टवेअर) मिळतात, काहींचे नाही. ज्या मशीनवर पोट चालतं त्यावर आधी प्रयोग करू नका.

दुसरी पायरी: डाउनलोड

लिनक्सचे प्रकार खूप आहेत. आपल्याकडे सी-डॅकने बनवलेलं बॉस लिनक्सही आहे. पण विंडोजवरून पहिल्यांदाच येणाऱ्या माणसाला मी लिनक्स मिंटच सांगतो. डाव्या कोपऱ्यात मेनू, खाली पट्टी, उजवीकडे घड्याळ, त्यामुळे हाताची सवय मोडत नाही. मिंटची २२ ही मालिका घ्या, तिला २०२९ पर्यंत अपडेट मिळणार आहेत. प्रोसेसर ६४ बिटचा हवा. मिंटच्या सांगण्याप्रमाणे रॅम किमान दोन जीबी लागते, नीट चालायला चार. रॅम चारच असेल तर 'एक्सएफसीई' ही हलकी आवृत्ती निवडा, आठ असेल तर 'सिनॅमन'.

फाईल सुमारे तीन जीबीची आहे. इथे आपल्याकडची अडचण येते. घरात ब्रॉडबँड नाही, मोबाईलवर रोजचा दीड-दोन जीबीचा पॅक, आणि डाउनलोड अर्ध्यात तुटलं की पहिल्यापासून सुरू. म्हणून टॉरेंटने उतरवा, म्हणजे फाईल तुकड्या-तुकड्यांनी आणायच्या पद्धतीने. त्यासाठी टॉरेंटचं एक छोटं सॉफ्टवेअर लागतं. मिंटच्या संकेतस्थळावर टॉरेंटची अधिकृत लिंक असते. आज निम्मं उतरलं तर उद्याचा डेटा आल्यावर तिथूनच पुढे सुरू होतं, आणि उतरलेली फाईल बरोबर आहे की नाही हेही ते आपोआप तपासतं.

तिसरी पायरी: पेनड्राइव्ह तयार करणं

आठ जीबीचा पेनड्राइव्ह पुरतो. त्यातलं सगळं पुसलं जाणार, आधी रिकामा करा. विंडोजवर रुफस नावाचं छोटं फुकट सॉफ्टवेअर उतरवा, पेनड्राइव्ह निवडा, मिंटची फाईल निवडा, स्टार्ट दाबा. मध्ये काही विचारलं तर त्याने सुचवलेला पर्यायच राहू द्या. फाईल नुसती कॉपी-पेस्ट करून चालत नाही, त्यावरून मशीन सुरू होत नाही.

चौथी पायरी: पेनड्राइव्हवरून सुरू करणं

विंडोज बंद करताना शिफ्ट दाबून ठेवून शट डाउन करा, म्हणजे ते खरोखर पूर्ण बंद होतं. मग पेनड्राइव्ह लावा, मशीन सुरू करा आणि लगेच बूट मेनूची (मशीन कशावरून सुरू करायचं ते विचारणाऱ्या यादीची) की टपाटप दाबत राहा. डेल आणि लेनोवोवर बहुतेक एफ १२, एचपीवर एफ ९, असूसवर एस्केप. यादीतून पेनड्राइव्ह निवडा, मग 'स्टार्ट लिनक्स मिंट'. पडदा काळाच राहिला तर पुन्हा सुरू करून त्याच यादीतला 'कंपॅटिबिलिटी मोड' घ्या.

दोन-तीन मिनिटांत मिंटचा डेस्कटॉप समोर येतो. अजून तुमच्या हार्ड डिस्कला कशाचाही हात लागलेला नाही. डेस्कटॉपवर 'इन्स्टॉल लिनक्स मिंट' असं चिन्ह दिसेल, त्याला सध्या हात लावू नका.

पाचवी पायरी: आठ दिवस, यादी हातात घेऊन

पेनड्राइव्हवरून चालतं तेव्हा वेग कमी असतो, त्यावरून मत बनवू नका. आणि बंद केलं की त्यातलं सगळं जातं, म्हणून केलेलं काम दुसऱ्या पेनड्राइव्हवर ठेवा.

आधी वायफाय, आवाज, कॅमेरा. वायफाय दिसलं नाही तर घाबरू नका. मोबाईल केबलने जोडा, फोनमध्ये यूएसबी टेदरिंग चालू करा, इंटरनेट येतं. मग 'ड्रायव्हर मॅनेजर' उघडा, वायफायचा ड्रायव्हर उपलब्ध असेल तर तो तिथे दाखवतो.

आता मराठी टायपिंग. माझ्या मते मराठी माणसाचा लिनक्सवरचा निर्णय इथेच होतो, म्हणून याला एक अख्खी संध्याकाळ द्या. सेटिंग्जमध्ये कीबोर्ड, त्यात लेआउट. एक्सएफसीईमध्ये 'यूज सिस्टम डिफॉल्ट्स'ची खूण काढावी लागते. यादीत 'इंडियन'च्या आत मराठी सापडतं: एक इनस्क्रिप्ट (भारतीय लिप्यांसाठी ठरवलेली कीजची मांडणी), दुसरं उच्चारावर चालणारं. तिथेच इंग्रजी-मराठी बदलायच्या कीज ठरवा. इंटरनेट लागत नाही, वेगळं सॉफ्टवेअर लागत नाही.

वहिनींनी पहिली ओळ लिहायला घेतली, 'दुसऱ्या सत्राचा निकाल'. मोबाईलच्या सवयीने त्या उच्चारावर लिहीत होत्या आणि ते दर वेळी 'दुसर्या' होत होतं, र डोक्यावर चढत होता. दोनदा खोडलं, तिसऱ्यांदा माझ्याकडे बघितलं. मी लेआउट इनस्क्रिप्टवर नेला आणि सांगितलं, स नंतर शिफ्ट धरून जे, मग डी, मग स्लॅश, मग ई. 'दुसऱ्या' पडद्यावर उमटलं. नुसत्या जे वर र आहे, शिफ्टबरोबर ऱ, डी म्हणजे पाय मोडायची की. वहिनींनी ते चार ठोके वहीच्या कडेला लिहून घेतले आणि मग 'तिसऱ्या', 'चौथ्या', 'वाऱ्यावर' असं करत पान भरलं. इनस्क्रिप्टला हात बसायला पंधरा-वीस दिवस लागतात. पण हाच लेआउट विंडोजवरही असतो, त्यामुळे ही मेहनत कुठे वाया जात नाही. रेमिंग्टनवर, म्हणजे जुन्या टाइपरायटरच्या मांडणीवर, हात बसलेल्यांना इथे जड जाईल. आयबस नावाच्या इनपुट पद्धतीत हिंदीसाठी रेमिंग्टन मिळतं, त्यात आपला ळ नीट येतो का ते आधी स्वतः लिहून बघा.

मग जुन्या फाईली. लिबरऑफिस मिंटमध्ये असतंच आणि वर्डच्या फाईली उघडतं. पण कृतिदेव किंवा शिवाजीसारख्या जुन्या फाँटमध्ये टाइप केलेली प्रश्नपत्रिका उघडली की इंग्रजी अक्षरांचा गिचमिडा दिसतो. फाईल खराब झालेली नसते, फाँट नसतो. विंडोजमधून त्या फाँटची फाईल पेनड्राइव्हवर आणा, डबल क्लिक करून इन्स्टॉल करा, लिबरऑफिस बंद करून पुन्हा उघडा. मंगल फाँटमधल्या युनिकोड फाईली वाचता येतात, पण मिंट तिथे दुसरा फाँट वापरतं आणि एका पानाचं पत्रक दीड पानावर जातं. म्हणून दुसऱ्याला पाठवायचं ते पीडीएफ करून पाठवा. समोरच्याला बदल करायचे असतील तर सेव्ह करताना वर्डचा प्रकार निवडा. टूल्स, ऑप्शन्स, लोड-सेव्ह या वाटेने तो कायमचाही ठरवता येतो.

प्रिंटर लावून बघितल्याशिवाय पुढे जाऊ नका. नवे वायफायवाले बहुतेक आपोआप सापडतात, एचपीच्या बऱ्याच मॉडेलांचे ड्रायव्हर मिंटमध्ये असतात. काही जुने छोटे लेझर प्रिंटर मात्र कंपनीच्या खास ड्रायव्हरशिवाय हलत नाहीत.

सहावी पायरी: जमतंय असं वाटलं तरच टाकणं

२०१९ साली मी गावाकडे भावाच्या कॉम्प्युटरवर विंडोजशेजारी लिनक्स टाकत होतो. डिस्कचे भाग लहान-मोठे होत असताना लाईट गेली. पुन्हा सुरू केलं तेव्हा तो भागच वाचता येत नव्हता. त्यात पुतणीच्या बारशाचे फोटो होते, दुसरी प्रत कुठेच नव्हती. त्याची खंत मला आजही आहे. म्हणून ही पायरी मी फार सावकाश सांगतो.

फोटो आणि कागदपत्रं बाहेरच्या डिस्कवर घ्या, आणि ती डिस्क दुसऱ्या मशीनवर लावून दोन-चार फाईली उघडून बघा. विंडोजमध्ये बिटलॉकर किंवा डिव्हाइस एन्क्रिप्शन (डिस्कला कुलूप लावणारी सोय) चालू असेल तर त्याची ४८ अंकी रिकव्हरी की कागदावर उतरवून ठेवा. बॅटरी मेलेली असेल तर इन्व्हर्टरच्या पॉइंटवरच बसा. काम अर्ध्या तासाचं आहे, पण आपल्याकडे लाईट कधी जाईल याचा नेम नाही.

दोन्ही सिस्टम एकाच डिस्कवर ठेवण्यापेक्षा जुनी हार्ड डिस्क काढून तिथे नवी एसएसडी (फिरता भाग नसलेली, वेगवान डिस्क) बसवणं मला कितीतरी बरं वाटतं. जुन्या लॅपटॉपचा वेग सगळ्यात जास्त त्यानेच वाढतो. आणि विंडोज जसंच्या तसं काढलेल्या डिस्कवर राहतं, नाही पटलं तर परत बसवा. डिस्क बदलणारा माणूस तालुक्याच्या गावी मिळतो.

नवी रिकामी एसएसडी असेल तर इन्स्टॉल करताना 'इरेज डिस्क' निवडायला हरकत नाही. जुन्याच डिस्कवर विंडोज ठेवून टाकायचं असेल तर 'अलाँगसाइड' लिहिलेला पर्याय घ्यायचा. या दोन ओळींमधला फरक दोनदा वाचून मगच बटण दाबा. 'मल्टिमीडिया कोडेक्स'च्या चौकटीत खूण करा, गाणी-व्हिडिओ चालायला ते लागतात. भाषेच्या यादीत मराठी आहे, पण भाषांतर सगळीकडे पोचलेलं नाही. मेनू इंग्रजी आणि टायपिंग मराठी, हेच सध्या सोयीचं पडतं.

टाकल्यानंतर

पहिलं अपडेट मोठं असतं, ते जिथे वायफाय असेल तिथे करा. त्यानंतर मिंट तुम्हाला न विचारता अपडेट उतरवत बसत नाही, ढालीच्या चिन्हावर खूण दाखवून वाट बघतं. मोजक्या डेटावर राहणाऱ्याला ही केवढी सोय आहे. 'टाइमशिफ्ट' उघडून आठवड्याची एक प्रत ठेवायला लावा, काही बिघडलं तर सिस्टम मागच्या तारखेला नेता येते. मात्र त्यात तुमच्या फाईली धरलेल्या नसतात, त्यांची प्रत वेगळी ठेवावी लागते. दोन्ही सिस्टम ठेवल्या असतील तर कधीतरी विंडोजचं घड्याळ साडेपाच तास मागे दिसेल. ते बिघडलेलं नसतं, दोघं वेळ वेगळ्या रीतीने मोजतात. विंडोजच्या सेटिंगमध्ये वेळ 'सिंक' करा.

वहिनींच्या यादीतल्या अकरापैकी दहा ओळींवर आता बरोबरची खूण आहे. अकरावी, शाळेतला जुना लेझर प्रिंटर, दोन रविवार घालूनही मिंटवर चालला नाही. त्या निकालपत्रकाची पीडीएफ करतात, पेनड्राइव्हवर घेतात आणि ऑफिसातल्या कॉम्प्युटरवरून छापतात. जुनी हार्ड डिस्क कपाटात आहे, वर चिकटपट्टी लावून त्यांनी लिहिलंय: 'विंडोज. पुसू नये.'