पन्नाशीतली डर्ट बाइक घेऊन मोटोक्रॉसला उतरताना

जुन्या डर्ट बाइकवर मोटोक्रॉस, म्हणजे मातीच्या उंचसखल ट्रॅकवरची शर्यत, खेळायची असेल तर एक गोष्ट मनात पक्की बसवा: नव्या गाडीवर जे वेळेवर केलं तरी भागतं, ते इथे आधी करावं लागतं. ब्रेक आधी, गिअर आधी, उडी मारायची की नाही हे आधी. गाडीची तयारी तर शर्यतीचा शनिवार उजाडायच्या कितीतरी आधी. मी १९७२ची बुल्टाको पर्सांग २५० चालवते. टू-स्ट्रोक, हवेवर थंड होणारी, मागे दोन शॉक, दोन्ही चाकांना ड्रम ब्रेक. खाली लिहिलंय ते या गाडीवरून शिकलेलं आहे, पण त्या काळातल्या कुठल्याही गाडीला बहुतेक सगळं लागू पडेल.

पहिलं काम कागदावरचं. आपली गाडी कोणत्या वर्गात बसते ते नियम वाचून ठरवा. १९७३ साली हाकन अँडरसनने यामाहाच्या एका शॉकवाल्या गाडीवर २५० सीसीचं विश्वविजेतेपद जिंकलं आणि पुढच्या दोन-तीन वर्षांत सगळ्याच कंपन्यांनी मागच्या चाकाची वर-खाली होण्याची जागा दुपटीने वाढवली. म्हणून जुन्या गाड्यांच्या बऱ्याच नियमांची सीमारेषा १९७४च्या आसपास येते. अमेरिकेतल्या आहर्मा संघटनेत व्हिन्टेज मोटोक्रॉसच्या गाडीला पुढे ७ इंच आणि मागे ४ इंच एवढाच सस्पेन्शनचा प्रवास चालतो. आजच्या मोटोक्रॉस गाडीला साधारण १२ इंच असतो. ब्रिटनमध्ये प्री-६५, म्हणजे १९६५ आधीच्या गाड्यांचा, हा वेगळा वर्ग आहे, दोन शॉकवाल्या गाड्यांचा ट्विनशॉक वेगळा. नव्या गाडीचा फोर्क (पुढच्या चाकाचं सस्पेन्शन) जुन्या चासीत बसवून येणारे भेटतात. मला ते पटत नाही. या खेळाची सगळी गोडी त्या चार इंचांत काम भागवण्यात आहे.

ड्रम ब्रेक: इथे वेळ घाला

इंजिनवर महिना घालवतात आणि ब्रेकला फक्त नवी केबल टाकतात, असे लोक खूप. माझा क्रम उलटा आहे. चाक काढा, ब्रेकची प्लेट बाहेर घ्या आणि उजेडात बघा. मूळचे शू (ड्रमला आतून घासणारे तुकडे) असतील तर त्यांत अॅस्बेस्टॉस असू शकतं. हवा मारून धूळ उडवू नका, फुंकर तर नकोच. मास्क लावून ओल्या फडक्याने पुसा, फडकं पिशवीत बांधून टाकून द्या आणि शू नवेच बसवा.

नव्या शूंचा पृष्ठभाग चकचकीत असेल तर पॉलिश पेपरने हलका खरखरीत करा. शूची पुढची कड, म्हणजे ड्रम फिरताना आधी टेकणारी कड, कानशीने थोडी तिरकी करा. नाहीतर ब्रेक एकदम पकडतो आणि कुईं कुईं करतो. ड्रम ब्रेक क्लीनरने पुसा आणि नंतर आत बोट लावू नका. शू बाहेर ढकलणारा कॅम कोरडा असेल तर उष्णता सोसणाऱ्या ग्रीसचा अगदी पातळ हात फिरवा. जास्त झालं तर तेच ग्रीस शूवर येतं.

आता मुख्य भाग. ब्रेक पकडतो त्या क्षणी केबल आणि प्लेटवरचा हात (केबलने ओढला जाणारा, कॅम फिरवणारा दांडा) यांच्यात जवळपास काटकोन हवा. कोन काटकोनाच्या पुढे गेला तर तुम्ही कितीही दाबा, जोर वायाच जातो. हात कॅमच्या दात्यांवर एक दाता मागे-पुढे करून तो कोन मिळवा. मग चाक बसवा, अॅक्सलचा नट सैल ठेवा, चाक जोरात फिरवा आणि ब्रेक घट्ट दाबा. दाबून धरलेला असतानाच नट आवळा. याने दोन्ही शू ड्रमच्या मध्यावर येतात. दादा लिव्हर धरतो, मी पाना फिरवते, आणि नट पूर्ण आवळेपर्यंत त्याने हात सैल करायचा नाही, असं आमचं ठरलेलं आहे. एवढ्याशा कामाने पुढचा ब्रेक निम्म्याने सुधारतो, असं म्हणायला मी तयार आहे.

पेट्रोलची टाकी आणि इंजिनचा श्वास

पर्सांगची टाकी फायबरग्लासची आहे. हल्लीच्या पेट्रोलमधलं इथेनॉल जुन्या फायबरग्लासचं रेझिन विरघळवतं. टाकी मऊ पडते आणि तो चिकट पदार्थ कार्बोरेटरमधून इंजिनात जातो. आतून इथेनॉल सोसणारा लेप लावा किंवा अॅल्युमिनियमची टाकी घ्या. लेप असला तरी गाडी उभी राहणार असेल तेव्हा टाकी रिकामीच ठेवा.

ऑइलचं प्रमाण: जुन्या मॅन्युअलमध्ये बऱ्याचदा २० ला १ लिहिलेलं असतं, म्हणजे ५ लिटर पेट्रोलमध्ये २५० मिली. आजच्या चांगल्या टू-स्ट्रोक ऑइलवर मी ३२ ला १ चालवते, म्हणजे ५ लिटरला साधारण १५५ मिली. पण लक्षात ठेवा, ऑइल कमी केलं की त्याच जेटमधून (कार्बोरेटरमधल्या पेट्रोल सोडणाऱ्या बारीक भोकातून) पेट्रोल थोडं जास्त जातं आणि मिश्रण श्रीमंत होतं, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल वाढतं. प्रमाण बदललं की जेट पुन्हा तपासा.

जेट तपासायच्या आधी क्रँकचे सील तपासा. थ्रॉटल सोडल्यावर इंजिनाचा आवाज खाली न येता वरच रेंगाळत असेल तर कुठून तरी फुकटची हवा आत येतेय. एक्झॉस्ट आणि कार्बोरेटरची तोंडं बंद करून इंजिनात ६ पीएसआय हवा भरतात आणि ती ६ मिनिटं टिकते का बघतात. टिकत नसेल तर साबणाचं पाणी लावा, बुडबुडे दिसतील. मॅग्नेटोच्या (ठिणगीसाठी वीज देणाऱ्या भागाच्या) बाजूचा सील गेला की मिश्रण पातळ होतं, म्हणजे हवा जास्त आणि पेट्रोल कमी, आणि पातळ मिश्रणावर पूर्ण थ्रॉटल म्हणजे पिस्टन जाम.

मग मुख्य जेट. मोठ्या नंबरपासून सुरुवात करून खाली या, उलट कधीच नको. इंजिन गरम करा, नवा प्लग लावा, लांब सरळ रस्त्यावर वरच्या गिअरमध्ये थ्रॉटल पूर्ण उघडून काही सेकंद पळवा. मग थ्रॉटल न सोडता किल स्विच आणि क्लच एकदम दाबा. गाडी घसरत थांबू द्या, प्लग खोला. टोकाकडे बघू नका. पांढरी चिनीमाती खोल आत जिथे धातूला भेटते तिथे एक कडं दिसतं, त्याचा रंग वाचा. भिंग ठेवा जवळ. फिकट तपकिरी हवा. कोरडा पांढरा दिसला तर तिथेच थांबा आणि मोठा जेट टाका. काळा, ओलसर असेल तर एक नंबर खाली. सकाळची थंड हवा दाट असते, तिला जेट मोठा लागतो. दुपारी तोच जेट जड वाटू शकतो. दादाच्या वहीत प्रत्येक मैदानाच्या पानावर तापमान, जेटचा नंबर आणि कार्बोरेटरच्या सुईची खाच लिहिलेली असते. ती वही मी कोणाला उसनी देत नाही.

बाकीचं भराभर: पुढे २१ इंची, मागे १८ इंची टायर, दोन्हीकडे रिम लॉक (टायर रिमवर सरकू न देणारी पकड), हवा १२ ते १४ पीएसआय. स्पोक एकेक टिचकी मारून ऐका; सैल स्पोकचा आवाज बद्द येतो. चेनचा ढिलेपणा तपासताना मागचे शॉक काढून स्विंगआर्म (मागचं चाक धरणारा, वर-खाली होणारा दांडा) असा उचला की पुढचं स्प्रॉकेट, स्विंगआर्मचा बोल्ट आणि मागचा अॅक्सल एका रेषेत येतील. तिथे चेन सगळ्यांत ताणलेली असते. त्या जागी जराशी सैल असली की झालं. फोर्कचं ऑइल बदला. फूटपेग वर दुमडून पुन्हा जागेवर येतात ना, बघा.

गिअर उजवीकडे, ब्रेक डावीकडे

१९७५च्या मॉडेलपासून अमेरिकेत गिअर डावीकडे ठेवणं सक्तीचं झालं आणि बाकीचं जग हळूहळू त्याच वाटेने गेलं. त्याआधीच्या कित्येक युरोपियन आणि ब्रिटिश गाड्यांचा गिअर उजव्या पायाशी असतो, माझ्या गाडीचाही. शांतपणे चालवताना तुम्ही दहा मिनिटांत सरावता. खरी पंचाईत घाबरल्यावर होते, तेव्हा पाय जुन्या सवयीने चालतो. म्हणून शर्यतीआधी मोकळ्या मैदानात दुसऱ्या गिअरमध्ये इंग्रजी आठच्या आकड्याच्या फेऱ्या मारा आणि मध्येच कोणाला तरी हात वर करायला सांगा. हात दिसला की थांबायचं. डावा पाय आपोआप खाली जाईपर्यंत हा सराव सोडू नका.

दुसरा सराव बंद पडलेल्या गाडीचा. नंतरच्या बऱ्याच गाड्या क्लच दाबून गिअरमध्येच सुरू होतात. पर्सांगला आधी न्यूट्रल शोधावा लागतो, आणि किक डाव्या बाजूला आहे. उतारावर, धूळ डोळ्यांत, मागून गाड्या येतायत, अशा वेळी न्यूट्रल सापडत नाही. गाडी थांबायच्या आत, चाकं फिरत असतानाच न्यूट्रल पाडायची सवय लावा.

शनिवार आणि रविवार

तपासणीला गाडी धुऊन न्या. थ्रॉटल सोडल्यावर टपकन मिटतो का, किल स्विच चालतो का, लिव्हरच्या टोकांना गोळे आहेत का, चाकांचे आणि हँडलचे बेअरिंग सैल आहेत का, हेच बहुधा बघतात. रायडर मीटिंग चुकवू नका. झेंड्यांचे बारकावे आयोजकागणिक बदलतात, पण पिवळा हलताना दिसला की ओव्हरटेक नाही आणि उडी नाही, हे सगळीकडे धरून चला. पुढे कोणीतरी जमिनीवर पडलेलं असतं.

सरावाच्या पहिल्या फेरीत वेग नको, डोळे हवेत. मी प्रत्येक वळणाआधी एक खूण शोधते, खांब, झुडूप, दगड, आणि ठरवते की ब्रेक इथे. दुसऱ्या फेरीत ती खूण पुढे-मागे करते. टू-स्ट्रोकला इंजिनचा ब्रेक जवळजवळ नसतोच, आणि ड्रम तापला की पकड सुटते. चौथ्या-पाचव्या फेरीत तीच खूण पुरेल असं गृहीत धरू नका, दोन गाड्यांची लांबी अलीकडे या. पाण्यातून गेलात तर पुढची काही सेकंद दोन्ही ब्रेक हलके टेकवून ठेवा, शू वाळतात.

बहुतेक जण वळणाच्या आतल्या चरातून जातात. तिथे ब्रेकने खणलेले खड्डे पडत जातात आणि चार इंची शॉक त्यांत बुडून जातात. बाहेरची वाट लांब असते, पण बऱ्याचदा सपाट राहते. मी वेग टिकवून बाहेरून जाते आणि सरळ रस्त्याला आधी लागते. लागोपाठच्या उंचवट्यांवर उभे राहा, गुडघ्यांत टाकी धरा, वजन मागे, हँडल सैल हातांनी. जुना फोर्क वाकतो, लवतो. त्याच्याशी मनगटांनी भांडलात तर हँडल जास्त हलतं.

दोन ढिगाऱ्यांमधलं अंतर एका उडीत कापायचा मोह सोडा. एकेका ढिगाऱ्यावरून चाक जमिनीला ठेवून जा. लहान उडी घ्यायचीच असेल तर पलीकडच्या उतारावर, मागचं चाक आधी, थ्रॉटल किंचित उघडा ठेवून उतरा. हवेत थ्रॉटल एकदम मिटला तर नाक खाली जातं.

या इंजिनांची ताकद एका अरुंद पट्ट्यात असते. आवाज त्या पट्ट्याखाली पडला तर एका बोटाने क्लच किंचित दाबून-सोडून तो पुन्हा वर आणा, पण सारखं नको, कारण तापलेल्या जुन्या प्लेटी चिकटायला लागतात. लांब उतारावर थ्रॉटल बंद करून घरंगळत जाऊ नका. ऑइल पेट्रोलबरोबरच येतं. पेट्रोल बंद तर ऑइलही बंद. मधूनमधून छोटी रेस द्या.

सुरुवात लोखंडी गेटने किंवा आडव्या ताणलेल्या रबरी पट्ट्याने होते. पहिल्या वळणावर सगळे एकाच वेळी पोहोचतात आणि सगळ्यांचे ब्रेक ड्रमचेच. तिथे एक-दोन जागा सोडायला मी कायम तयार असते. साधारणपणे दोन मोटो, म्हणजे शर्यतीच्या दोन स्वतंत्र फेऱ्या, होतात आणि दोन्हींतल्या क्रमांकांची बेरीज धरतात. त्यामुळे तिसरी आणि चौथी येणारी गाडी, एक मोटो जिंकून दुसऱ्यात बंद पडणाऱ्या गाडीच्या पुढे जाते.

दोन मोटोंच्या मध्ये आधी पाणी प्या, मग गाडीकडे वळा. स्पोक, चेन, अॅक्सलचे नट, एक्झॉस्टच्या स्प्रिंगा, ब्रेक केबलची लांबी. शू झिजले आणि ड्रम तापला की लिव्हर हँडलजवळ येतो. स्क्रू फिरवून जागेवर आणा आणि चाक मोकळं फिरतंय याची खात्री करा. एअर फिल्टरचा फोम धुळीने भरला असेल तर ऑइल लावलेला दुसरा बदला. धुवायला तेव्हा वेळ नसतो, म्हणून घरूनच एक जास्तीचा पिशवीत बांधून आणा.

रविवारी रात्री कितीही थकलात तरी टाकी रिकामी करा, कार्बोरेटरची फ्लोटची वाटी खोलून पुसा आणि पाण्यातून गेला असाल तर दोन्ही ड्रम उघडे ठेवा. रात्रभर बंद राहिलेल्या ओल्या ड्रमला सकाळपर्यंत गंज धरतो.