पगार वाढवूनही माणूस टिकेना? आधी दुखणं ओळखा

कुपवाड, मिरज किंवा साताऱ्याच्या एमआयडीसीत वीस-तीस माणसांचं मशीन शॉप (मशीनवर धातूचे भाग कातून तयार करणारा कारखाना) चालवणाऱ्यांची एक तक्रार हमखास असते: पगार वाढवला, दिवाळीला बोनस दिला, तरी कामात लक्ष नाही आणि पाचशे रुपये जास्त मिळाले की माणूस शेजारच्या शेडमध्ये जातो. कामगारांच्या प्रेरणेवरचे सिद्धांत नेमके याच प्रश्नावर मांडलेले आहेत. पण त्यातला एकच उचलून सगळीकडे लावला की तो फसतो, कारण प्रत्येकाचं औषध वेगळ्या दुखण्यावरचं आहे. म्हणून आधी तपासणी, मग उपाय.

मानसशास्त्रज्ञ मॅस्लोची गरजांची चढण (1943) बहुतेकांना माहीत असते: खाली अन्न-पाणी, मग सुरक्षितता, आपली माणसं, मान आणि सर्वांत वर स्वतःतलं सगळं फुलवणं. खालची गरज शंभर टक्के भागेपर्यंत वरची जागीच होत नाही, असं त्याने कुठेही म्हटलेलं नाही. त्यामुळे 'आधी पोट भरू दे, मानाचं नंतर बघू' हा हिशोब चुकतो. हेल्परलाही मान पहिल्या दिवसापासूनच लागतो.

पहिली फेरी: नाराजीची कारणं

हर्झबर्गने 1959 मध्ये सांगितलं की नाराजी घालवणाऱ्या गोष्टी वेगळ्या आणि उमेद देणाऱ्या वेगळ्या. पगार, सुपरवायझरची वागणूक, कामाची जागा आणि नोकरीची शाश्वती बिघडली की माणूस चिडतो. पण ती सुधारली म्हणून उमेद येतेच असं नाही. उमेद येते ती जमलेल्या कामातून, त्याच्या कौतुकातून आणि जबाबदारीतून. मात्र त्याने बोलतं केलं होतं ते सुमारे दोनशे इंजिनिअर आणि हिशेबनीसांना. घराचा हप्ता भरणाऱ्या ऑपरेटरच्या बाबतीत पैशाचं वजन यापेक्षा जास्त धरा.

वही घेऊन शेडमध्ये फिरा. पगार 7 तारखेच्या आत होतो का? पीएफ कापला असेल तर तो पुढच्या महिन्याच्या 15 तारखेपर्यंत भरला जातो का? (कामगार मोबाईलवर पासबुक बघतो, हे विसरू नका.) ओव्हरटाइम दुप्पट दराने मिळतो का? संडास, पिण्याचं पाणी आणि एप्रिल-मेमध्ये फेटलिंगच्या (ओतीव भाग घासून साफ करण्याच्या) जागी पंखा आहे का? सुपरवायझर चारचौघांत शिव्या देतो का? यातलं एक जरी बिघडलेलं असेल तर 'महिन्याचा उत्तम कामगार' वगैरे योजना काढू नका. लोक त्याकडे थट्टा म्हणून बघतात. 1910 मध्ये लक्ष्मणराव किर्लोस्करांनी कुंडलजवळच्या माळावर कारखान्याबरोबर वसाहतही वसवली. राहायची सोय नसती तर कारागीर तिथे थांबले नसते.

दुसरी फेरी: शेजाऱ्याशी तुलना

ॲडम्सचा समन्याय सिद्धांत (1963) सांगतो की माणूस नुसता स्वतःचा पगार बघत नाही. आपण किती राबतो आणि किती मिळवतो, याची तो शेजाऱ्याशी तुलना करतो. एका कागदावर नाव, नोकरीची वर्षं, कोणती मशीन चालवता येतात, सेटिंग (नव्या नगासाठी मशीन लावून घेणं) येतं की नाही आणि पगार असे रकाने पाडा. सहा वर्षं काम करून सेटिंग येणाऱ्यापेक्षा नव्याने आलेल्याला जास्त मिळत असेल, तर तो माणूस जाणारच. पगार गुप्त ठेवून काही उपयोग नाही, चहाच्या टपरीवर तो संध्याकाळपर्यंत कळतो. कौशल्याच्या चार पायऱ्या ठरवा, प्रत्येकीचा दर ठरवा आणि कागद नोटीस बोर्डावर लावा.

तिसरी फेरी: इन्सेंटिव्ह कुठे तुटतो

व्रूमच्या सिद्धांतात (1964) तीन प्रश्न आहेत. जोर लावला तर काम होईल का? काम झालं तर ठरलेलं मिळेल का? आणि जे मिळेल ते मला हवं आहे का? तिन्हींचा गुणाकार करायचा. एक शून्य आला की सगळं शून्य.

समजा, एका नगाला 5 मिनिटं लागतात. आठ तासांची 480 मिनिटं भागिले 5 म्हणजे 96, म्हणून लक्ष्य 95 ठेवलं. जेवणाची 30 मिनिटं, इन्सर्ट (मशीनचं कापणारं पातं) बदलणं, पहिला नग तपासून घेणं आणि कास्टिंगची (ओतीव भागांची) वाट बघणं यांत आणखी 40 मिनिटं गेली, तर उरतात 410, म्हणजे 82 नग. ऑपरेटरला हे पहिल्याच दिवशी कळतं आणि तो प्रयत्न सोडतो. त्याऐवजी मागच्या 12 पाळ्यांची सरासरी काढा. ती 72 असेल तर 77 पासून इन्सेंटिव्ह सुरू करा. अवघड पण आवाक्यातलं आणि आकड्यात सांगितलेलं लक्ष्य 'जमेल तेवढं करा' यापेक्षा जास्त काम करून घेतं, हे लॉकने 1968 मध्येच मांडलं होतं.

फक्त तपासणीतून ओके झालेले नग मोजा, नाहीतर रिजेक्शन (नापास नग) वाढेल. पण कास्टिंगमधल्या ब्लोहोलमुळे (ओतताना राहिलेल्या पोकळीमुळे) गेलेला नग ऑपरेटरच्या नावावर टाकू नका. तो फाउंड्रीचा (ओतकाम करणाऱ्या कारखान्याचा) दोष आहे. आकडा रोज पाळी संपताना फळ्यावर लिहा आणि रक्कम त्याच महिन्याच्या पगारात द्या. 'दिवाळीला एकदम देऊ' म्हटलं की दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर शून्याकडे सरकतं.

हजेरी बोनस याच कारणाने फसतो. एक खाडा झाला की पूर्ण हजार रुपये जातात, मग माणूस आणखी चार दिवस निवांत राहतो. टप्पे ठेवा: खाडा नाही तर 1000, एक खाडा 700, दोन 400. तासगाव, पलूसकडच्या बऱ्याच कामगारांची द्राक्षबाग असते. ऑक्टोबर छाटणीच्या दिवसांत त्यांना पैशापेक्षा सुट्टी हवी असते. छाटणी आणि गावची जत्रा यांच्या तारखा आधीच विचारून पाळ्या आखा. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर माणसागणिक बदलतं, ते विचारल्याशिवाय कळत नाही.

मग कामच बदला

हॅकमन आणि ओल्डहॅम (1976) कामातले पाच गुण सांगतात: कौशल्यांची विविधता, पूर्ण काम हाती असणं, कामाचं महत्त्व, स्वतः ठरवण्याची मोकळीक आणि निकाल कळणं. चांगल्या ऑपरेटरला सेटिंग आणि पहिल्या नगाची तपासणी सोपवा. पहिले दोन आठवडे इन्स्पेक्टरने शेजारी थांबावं, नंतर सही ऑपरेटरची. नग कोणत्या पंपात बसतो तेही दाखवा. एकाऐवजी दोन मशीन चालवायला देणं मात्र यात बसत नाही, ते फक्त ओझं आहे. आणि सेटिंगची जबाबदारी दिली की वरच्या पायरीचा दरही द्या, नाहीतर दुसऱ्या फेरीतली तक्रार पुन्हा उभी राहील.

एका वेळी एकच बदल करा आणि आठ आठवडे थांबा. न सांगता झालेले खाडे, रिजेक्शनची टक्केवारी आणि पहिल्या 90 दिवसांत सोडून गेलेली माणसं, हे तीन आकडे दर महिन्याला लिहा. ऑक्टोबरच्या खाड्यांची तुलना सप्टेंबरशी न करता मागच्या ऑक्टोबरशी करा.