जमिनीचा दावा काढून टाकला? फेरविचार मागताना या चुका टाळा

‘दावा डिसमिस झाला’ एवढंच कानावर येतं आणि घरचे लगेच वकिलांना म्हणतात, "रिव्ह्यू टाका." पहिली चूक इथेच होते. आधी आदेश आणि रोजनामा, म्हणजे दाव्यात तारीखवार काय झालं याची कोर्टाची नोंद, वाचा. दावा कशामुळे संपला, त्यावर पुढचा रस्ता ठरतो.

तारखेला प्रतिवादी हजर आणि वादी गैरहजर म्हणून दावा काढला असेल, तर दिवाणी प्रक्रिया संहिता १९०८ मधल्या आदेश ९, नियम ९ खाली तो पुन्हा बोर्डावर घेण्याचा अर्ज करायचा. कोर्टात याला ‘रिस्टोरेशन’ म्हणतात. ‘नवा दावा लावू’ असं म्हणून हा अर्ज टाळू नका, कारण त्याच कारणावर नवा दावा लावायला हाच नियम मनाई करतो. दोन्ही बाजू गैरहजर असतील तर मात्र नियम ४ नव्या दाव्याची वाट मोकळी ठेवतो, अर्थात मुदतीत राहून. आदेश ७, नियम ११ खाली वादपत्रच (दाव्याचा मूळ अर्जच) नामंजूर झालं असेल, तर तो हुकूमनामा, म्हणजे डिक्री, मानला जातो आणि त्यावर अपील चालतं.

साक्षीपुरावे पाहून दावा फेटाळला असेल तर खरा उपाय अपीलच. पुनर्विलोकनाची, म्हणजे रिव्ह्यूची, वाट फार अरुंद आहे: अभिलेखावर उघड दिसणारी चूक, पूर्ण काळजी घेऊनही आधी न मिळालेला महत्त्वाचा पुरावा, किंवा तशाच तोडीचं पुरेसं कारण. ‘न्यायाधीशांनी साक्षीचा अर्थ चुकीचा लावला’ हा अपिलाचा मुद्दा झाला. आदेशात गट नंबर एक आणि सिद्ध झालेल्या दस्तात दुसरा, ही उघड चूक. खरेदीखताची नक्कल दुय्यम निबंधकांकडून कधीही काढता आली असती, तर ‘ती आत्ता मिळाली’ हे कोर्ट सहसा मानणार नाही. शोध कधी, कुठे घेतला ते प्रतिज्ञापत्रात लिहा. रिव्ह्यू फेटाळला तर त्या आदेशावर अपील नाही आणि दुसरा रिव्ह्यूही नाही. त्या नादात मूळ निकालावरच्या अपिलाची मुदत निघून जाते, आणि माझ्या मते सगळ्यांत मोठं नुकसान हेच.

रिस्टोरेशन आणि रिव्ह्यू, दोन्हींना मुदत ३० दिवसांची. जिल्हा न्यायालयातल्या अपिलालाही ३० दिवस, उच्च न्यायालयात ९० दिवस. रिव्ह्यू आणि अपिलात निकालाची नक्कल मिळायला लागलेले दिवस वगळले जातात. रिस्टोरेशनमध्ये ती सवलत धरून बसू नका, नक्कल यायची असली तरी अर्ज आधी दाखल करा. उशीर झालाच तर विलंबमाफीचा वेगळा अर्ज द्या.

‘वकिलांनी तारीख कळवली नाही’ हे एक वाक्य पुरत नाही. तुम्ही कधी विचारलं, काय उत्तर आलं, आदेश कोणत्या दिवशी समजला, हे तारखांसह मांडा. आजारपण असेल तर दवाखान्याचे कागद जोडा. खोटं कारण देऊ नका. उलटतपासणीत ते उघडं पडतं आणि मूळ हक्काच्या बाजूवरही डाग लागतो. विरुद्ध बाजूला नोटीस लागल्याशिवाय दावा पूर्ववत होत नाही, म्हणून त्यांचे आत्ताचे पत्तेही तपासून द्या.

दावा निकाली निघाला की त्यातला तूर्तातूर्त (दावा चालू असेपर्यंतचा) मनाई हुकूमही टिकत नाही. समोरची व्यक्ती जमीन विकायच्या किंवा बांधकाम करायच्या तयारीत असेल, तर जैसे थे आदेशाचा अर्ज त्याच दिवशी सोबत द्या.